सुईला हात लावू नका

प्रिय भाऊजी,

नात्याने मी मोठी म्हणून आशीर्वाद, आणि वयाने तुम्ही मोठे म्हणून नमस्कार. दोन्हींतलं हवं ते ठेवून घ्या, उरलेलं जाऊबाईंना द्या. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? जाऊबाईंचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. (थांबला नसेल तर त्यांनी खिडकीशी बसून भाजी निवडणं आधी बंद करावं. मी सांगितलं म्हणून नको, स्वतःला सुचलं म्हणून करावं.) इकडे सगळं ठीक. लेक कामावर जाते, मी शिवते, मांजर कापडाच्या ताग्यावर झोपतं.

आता खुर्चीत नीट टेकून बसा. मी रेकॉर्ड प्लेअर घेतला. माझ्या पैशांनी, माझ्या अकलेने, आणि तुम्हाला एका शब्दानेही न विचारता. तुमचे दादा गेल्यावर मी तुमच्याकडे त्यांच्या कारखान्याच्या बँडची रेकॉर्ड मागितली होती, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते आठवतंय ना? "वहिनी, धड मशीन आणा, रेकॉर्ड तुमची. डबडं आणलंत तर देणार नाही, डबडी रेकॉर्ड खरवडतात." वर हसलात. तुमचं बरोबर होतं, जगात ती एकच प्रत उरली आहे. पण तुम्ही हसलात ते मी उसवलं नाही, टाके घालून ठेवलं. तेव्हा हे पत्र मशीन धड असल्याचा पुरावा म्हणून वाचावं.

सभागृहाच्या पडद्यांचं काम मिळालं होतं, ते जाऊबाईंना फोनवर सांगितलंच आहे. एवढं जाड मखमली कापड, की मशीनखालून सरकवायला लेकीला दुसऱ्या टोकाला उभं करावं लागलं. त्या पडद्यांची मजुरी मी बाजूला ठेवली आणि दुकानात गेले. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी बजेट विचारलं. मी म्हटलं, एका सभागृहाचे पडदे. ते थोडे गोंधळले, पण माणूस धंद्यातला, आकडा कसाबसा काढून घेतलाच. मग त्यांनी विचारलं की आधी मशीन हाताळायचा काही अनुभव आहे का. भाऊजी, मला हा प्रश्न आयुष्यात कोणी इतक्या आदराने विचारलेला नाही. मी पदर सावरून सांगितलं, "अहो, मशीनवर हयात गेली माझी."

त्यांचा चेहरा उजळला. पट्ट्याचं वापरता की बिनपट्ट्याचं? मी म्हटलं, पट्ट्याचंच, आणि सुटला तर मीच चढवते. सुई स्वतः बदलता? म्हटलं, डोळे मिटून. दिवसाला किती वेळ चालतं? म्हटलं, गिऱ्हाईक अडलेलं असेल तर रात्रीही चालतं, शेजारी भिंतीवर थापा मारतात तोपर्यंत. त्यावर ते भारावूनच गेले. सुई लवकर झिजत नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, पायाचा वेग सांभाळला तर काही होत नाही. इथे त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, पण मोठ्या माणसांच्या काही पद्धती असतात असं समजून त्यांनी मान डोलावली. (मीही मनात म्हणत होते, एवढं सोपं होतं तर भाऊजींनी त्याचा इतका बाऊ का केला?)

मग त्यांनी आतल्या खोलीतून एक मशीन आणलं, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल आणावं तसं. हे फक्त जाणकारांना दाखवतो म्हणाले. एक जड चकती, एक लांब दांडी, दांडीच्या मागे फिरवून बसवायचं वजन, आणि बाकी सगळं आपण जुळवायचं. किंमत तीन सभागृहांची. मी जाणकार म्हणून दोनदा मान हलवली, खाली वाकले, आणि कोणतीही शिलाई करणारी बाई नवीन मशीन पाहिल्यावर जे करेल ते केलं. सुईचं टोक बोथट आहे का ते बोटाने दाबून पाहिलं.

भाऊजी, ते गृहस्थ किंचाळले. "अहो, सुईला हात लावू नका!"

तुमचंच वाक्य, तुमच्याच पट्टीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या दिवाणखान्यात हे ऐकत आले आहे. सगळ्या घराचे कपडे माझ्या सुईतून गेले, तुम्ही रेकॉर्ड पुसता तो मऊ रुमालसुद्धा मीच शिवला, पण त्या एका सुईला माझा हात वर्ज्य. दुकानात मला अगदी रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग सगळा उलगडा झाला. शिलाई मशीन म्हटल्यावर गृहस्थ आधी हसले, मग ओशाळले आणि मला स्टूल दिलं. म्हणजे तुम्ही अगदी नवशिक्या आहात, असं ते प्रेमाने म्हणाले. या वयात नवशिकी! तरी म्हटलं, ठीक आहे, नवशिकीला दाखवतात ते दाखवा.

आधी त्यांनी पेटीसारखं बंद होणारं, रंगीत मशीन दाखवलं. आवाज आतूनच येतो, किंमत दोन खिडक्यांच्या पडद्यांएवढी. मी हरखले. पण दांडी रेकॉर्डवर जड बसते आणि वजन कमी करता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे तुमचं डबडं ते हेच. दुसरं होतं बटणाचं. बटण दाबलं की दांडी आपणहून उठते, जाऊन बसते, रेकॉर्ड संपली की परत येते. लेकीने तेच घे म्हणून आधीच बजावलं होतं. पण मग मी काय करायचं? बघत बसायचं? बघत तर तुमच्याकडेही बसतच होते.

तिसरं मशीन मी घेतलं. वजन कारखान्यातूनच जुळवलेलं, सुई झिजली तर बदलता येते, खाली पट्टा, आणि बाजूला एक इवलीशी दांडी. ती दांडी सोडली की सुई अलगद खाली उतरते. भाऊजी, माझ्या मशीनवर कापड दाबणारा पाय खाली सोडायची दांडी असते ना, हुबेहूब तशी! मी ती दुकानात अशी सोडली की गृहस्थ म्हणाले, हात हलका आहे तुमचा. नवशिक्या हा शब्द त्यांनी परत काढला नाही.

घरी आल्यावर थोडी फजिती झाली, तीही सांगून टाकते. मशीन फिरलं, सुई उतरली, पण आवाज मुंगी शिंकल्यासारखा. आवाजाचा वेगळा डबा लागतो हे गृहस्थांनी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा दांडीच्या आनंदात होते. लेकीचा स्पीकरचा डबा जोडला तेव्हा कुठे घर भरलं. दुकानातून फुकट मिळालेली एकच रेकॉर्ड आहे, व्यायामाची. श्वास घ्या, वाका, श्वास सोडा. पहिल्या दिवशी वेगाची कळ चुकीच्या आकड्यावर होती. तो माणूस गाडी सुटल्यासारखा सूचना देत होता आणि मी, मशीनचे पैसे दिलेत म्हणून, त्याच्या मागे धावत वाकत होते. कंबर धरली. पण त्या निमित्ताने वेगाची कळ कायमची समजली. आता मी रोज ती रेकॉर्ड लावते, योग्य वेगाने, आणि व्यायाम न करता खुर्चीत बसून ऐकते. सुई एकदाही घसरलेली नाही. मशीनला मखमलीच्या उरलेल्या तुकड्याचं झाकणही शिवलंय, अस्तरासकट. तेव्हा मशीन धड आहे आणि ते वापरणारीही धड आहे. आता शब्द पाळा.

जाऊबाईंना आठवण सांगा. गुडघ्याला जपा.

तुमची वहिनी

ता. क. रेकॉर्ड पोस्टाने पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या, मांडीवर ठेवून. रेकॉर्डवर सुई मात्र मी ठेवणार. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसायचं आणि बघायचं.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. त्या रेकॉर्डमध्ये मधेच सगळा बँड थांबतो आणि तुमच्या दादांची एकट्याची क्लॅरिनेट येते. तुम्ही दर वेळी नेमके तेव्हाच उठून ओरडता, "हा! हा माझा दादा!" आलेला प्रत्येक पाहुणा साक्षीला आहे. भाऊजी, इतक्या वर्षांत मी तो सूर एकदाही पुरता ऐकलेला नाही. मशीन मी त्यासाठी घेतलं. तेव्हा पहिल्यांदा रेकॉर्ड लागेल तेव्हा कृपा करून तोंड मिटून बसा.

ता. क. तिसरा. दुसऱ्यांदा लावू तेव्हा मात्र ओरडा. तुमच्या ओरडण्याशिवाय तो सूर मला ओळखू येईल की नाही, याची खात्री नाही.