सात पूर्वजांची साक्ष

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सिद्ध करावयाचे ते आधीच मांडतो: माझी नात चंदना, वय तेरा, हिच्या मेंदूला इजा झालेली नाही, सबब शनिवारचा कबड्डीचा सामना तिने खेळण्यास हरकत नाही. जिल्हा संघाची निवड तिथेच व्हायची आहे.

आज सरावात पकड करताना दुसऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. शुद्ध हरपली नाही. उलटी नाही. प्रशिक्षक मंजुनाथ, माझा जुना विद्यार्थी, तिला घरी घेऊन आला. "सर, शंका आली की खेळाडू बाहेर. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही."

शंका म्हणजे प्रमाण नव्हे, हे मी त्याला तर्कशास्त्राच्या पहिल्याच तासाला शिकवले होते.

स्मृतीची परीक्षा मी स्वतः घेतली. खंडेनवमीला तलवारीपुढे आमच्या घरी सात पूर्वजांची नावे म्हणतात. ती उलट क्रमाने म्हणावयास सांगितली. कुठेही अडखळली नाही. "झालं, आजोबा? जाऊ आता?"

मंजुनाथला ‘खेळण्यास हरकत नाही’ अशी चिठ्ठी लिहून दिली, खाली सही केली. त्याने ती वाचली, घडी घातली. खिशात ठेवली.

बुधवार, ५

दिव्याकडे पाहवत नाही म्हणते. काल उशिरापर्यंत वाचत होती — कारण पुरेसे आहे.

गुरुवार, ६

जेवताना आपल्या आईला, माझ्या सुनेला, दोनदा विचारले, "आई, आज शाळा होती का?" मुले थट्टा करतात.

त्याचा या सिद्धतेशी संबंध नाही.

शनिवार, ८, सकाळी

संघाची बस साडेसहाला सामन्याच्या गावी, कृष्णराजनगरकडे निघाली. त्यानंतर सुमाला, सुनेला, मी घेतलेली परीक्षा सांगितली. ती हसली. "ती नावं होय, मामंजी? चार वर्षांची असताना एकशेचार ताप होता, मला ओळखत नव्हती, तरी सातही बडबडत होती की."

मग तिचे हसू थांबले.

मंजुनाथला अकरा वेळा फोन केला. उचलत नाही. सामना दहाला.

शनिवार, दुपारी

इस्पितळातून मंजुनाथचा फोन. "मैदानात उतरवलंच नाही, सर. वाटेतलं येलवाल गाव येईपर्यंत तिनं तीनदा विचारलं, आपण कुठे चाललोय. डॉक्टरांनी पाच नवे शब्द सांगितले. दहा मिनिटांनी एकही आठवेना. तुमची चिठ्ठी खिशातच आहे."

तिला जे विसरणे शक्यच नव्हते तेच विचारून मी तिची स्मृती तपासली, आणि त्यावर सही केली. चूक माझी.

— मल्हारराव फत्तेसिंगराव जाधव