ओल्या पट्ट्या

३ तारीख, सोमवार
लेकीच्या घरी बस्तान बसवलं. खोली हवेशीर, खिडकीपाशी टेबल. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता माणसं दुरुस्त करतो म्हटल्यावर विहीणबाई खळखळून हसल्या. माझं यंत्र साधं: बॅटरी, तारा, तांब्याच्या दोन पट्ट्या, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड. मनगटाच्या नाडीवर बांधायच्या. सौम्य वीज रक्तात फिरते, रक्त निवळतं. मीही बांधतो; ठणठणीत आहे.

९ तारीख, रविवार
विहीणबाईंनी हौसेनं हात पुढे केला. म्हणाल्या, व्याही, तार नीट जोडा हो, नाहीतर मी बातम्या सांगायला लागेन! लेक-जावई पोट धरून हसले. मग विहीणबाईंनी मला एकटं गाठून विचारलं, माझ्या हृदयाच्या गोळ्यांचं काय? कुठंतरी वाचलेलं ठोकून दिलं: विजेनं औषध रक्तात जास्तच शिरतं, गोळ्या बंद ठेवा. पोरांना उगाच घोर नको, त्यांना सांगू नका, हेही मीच म्हटलं.

२० तारीख, गुरुवार
विहीणबाई गेल्या. चहाचा कप हातात होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू असताना असं व्हायला नको होतं. जावई माझ्या गळ्यात पडून रडला. तुमच्यामुळे आई शेवटी हसत होती, म्हणाला. मी त्याची पाठ थोपटत राहिलो.

२६ तारीख, बुधवार
यंत्राची बॅटरी काढून ते कपाटात कोंबलं होतं. आज पट्ट्या टेबलावर. ओल्या. लेक म्हणाली, कपाटाला हातही लावला नाही.

२८ तारीख, शुक्रवार
पुन्हा ओल्या. उचलल्या, तर पट्ट्यांत ठोके. दोन पडतात, तिसरा चुकतो. विहीणबाईंची नाडी अशीच चुकायची, पट्टी बांधताना बोटांना लागायची—
जावयाला सांगायला हवं. उद्या.

२९ तारीख, शनिवार
नाही सांगितलं. घराबाहेर काढेल.

३० तारीख, रविवार
लेकीच्या मनगटांवर पट्ट्या. म्हणाली, उठले तर बांधलेल्याच होत्या, बाबा, तुम्हीच ना? तिला लहानपणापासून फिट येतात, गोळी चुकवून चालत नाही. घेतलीस का, विचारलं. म्हणाली, बंद केल्या. विजेनं औषध जास्तच शिरतं ना—
हे मी फक्त विहीणबाईंना—

थोड्याच वेळानं
लेकीच्या हातावरच्या पट्ट्या सोडायला गेलो. तिच्या हातावर नाहीत, माझ्याच मनगटांना घट्ट. सुटत नाहीत. दोन ठोके, तिसरा— जावयाला हाक मारतोय, आवाज फुटत नाही. पलीकडे काहीतरी पडलं. लेकीचे पाय फरशीवर आपटताहेत—
आवाज नाही, म्हणून लिहितो. बाळा, गोळी घे. तुझ्या सासूबाईंच्या गोळ्या मीच बंद करायला लाव—