वणी बंद आणि किल्ल्यांचा डबा

आदरणीय जावईबापू नानाजी यांना वणीहून पंजाबरावचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच).

तुमचा गुडघा कसा आहे? तूर घरी आली का? आमची ममता अजूनही तुम्हाला बिनसाखरेचा चहा देते का? देत असेल तर मुकाट्याने प्या. साखरेपायी माझी काय दशा झाली ते पुढे वाचालच.

तर आमच्या किराणा दुकानाच्या अगदी समोर झगमग मार्ट नावाचं भलंमोठं दुकान आलं. लगेच आम्ही दुकानदारांनी विरोध समिती काढली. अध्यक्ष मी. (उकंडा पानवाला आणि माझ्यात चिठ्ठी टाकली होती. दोन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव होतं हे मागाहून कळलं.) मार्टच्या उद्घाटनाच्याच दिवशी बाजार कडकडीत बंद ठेवायचा, असं मी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. घरी विजयमाला म्हणाली, "अजी, तुमी सारेच दुकानं बंद करान, तं लोक तेल घ्याले जातीन कुठं?" आंदोलनातलं तुला काय कळतं, असं म्हणून मी टोपी घातली आणि निघालो.

आता आपल्याकडे बंद म्हणजे अर्धं शटर, हे तुम्ही जाणताच. पुढून घोषणा चालतात आणि शटरखालून गुपचूप साबण जातो. या खेपेला तसं नको म्हणून मी सगळ्यांच्या किल्ल्या गोळा केल्या, बिस्किटाच्या डब्यात घातल्या आणि डबा माझ्या दुकानात ठेवला. अध्यक्षानेच आदर्श घालून द्यायला हवा, म्हणून माझीही किल्ली त्याच डब्यात टाकली. मग बाहेर येऊन शटर ओढलं आणि कुलूप दाबलं. (दाबलं की लागणारं कुलूप आहे. मजबूत आहे. आता तर खात्रीच पटली.)

किल्ल्या करून देणारा माणूस मुकुटबनला लग्नाला गेलेला. त्यामुळे एका दिवसाचा बंद दुसऱ्या दिवशीही चालू राहिला आणि सगळी वणी झगमगमध्ये लोटली. आमच्या रोजच्या गिऱ्हाईक कांताबाई पिशवी घेऊन आमच्या निषेधाच्या मंडपात आल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "पंजाबभाऊ, त्यायनं तुमाले पैसे देले का हो?" त्यातच आमच्या मंडपातली साखर संपली. बिनसाखरेच्या चहावर घोषणा निघेनात. उकंडा तर घरी जायला उठला. शेवटी मी तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि शत्रूची पाहणी करून येतो असं सांगून मागच्या गल्लीने आत शिरलो. साखर घेतली. (स्वस्त होती. हे कुणाला सांगू नका.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्लीवाला परतला, कुलूप तुटलं, दुकानं उघडली. (निषेधाचा मंडप मात्र अजून चालूच आहे.) पण जावईबापू, खरं सांगतो, मनातून घाबरलोय. कांताबाई थंड दूध तिथून घेतात आणि गप्पा मारायला माझ्या पोत्यावर येऊन बसतात. "तिथं सारं थंडगार हाय, पण बसाले जागा नाही," म्हणतात. उन्हाळा तोंडावर आहे आणि माझ्या दुकानात थंड म्हणावं असं फक्त गिऱ्हाईक. अक्षय म्हणतो, बाबा, दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्या. देईन हो, पण मग सकाळी आंघोळ करून मी जाऊ कुठे? मला त्या पोत्यांच्या वासाशिवाय करमत नाही.

असो. ममताला आशीर्वाद, खुशीला गोड पापा.

आपला,
पंजाबराव

ता.क. साखरेबरोबर त्यांनी सोडतीचं कुपन दिलं होतं. अध्यक्षाचं नाव कसं लिहिणार? म्हणून तुमचं लिहिलं. काल मार्टच्या भोंग्यावर पुकारलं, "पहिलं बक्षीस, मोठा फ्रिज, नानाजी, फुलसावंगी!" मंडपात सगळे विचारू लागले, हा नानाजी कोण? मी जोरात 'मुर्दाबाद' ओरडलो. तरी रविवारी आधार कार्ड घेऊन यावे. फ्रिज माझ्या दुकानात ठेवू आणि त्यांच्याच फ्रिजमधलं थंड दूध विकून त्यांना पाणी पाजू.

ता.ता.क. बक्षीस घेताना मार्टच्या कौतुकाचे दोन शब्द बोलावे लागतात, ते बोलावे. बाहेर आम्ही तुमच्या नावाने शंख करत असू. सर्वांत पुढे मी असेन. मनावर घेऊ नका. फक्त टेम्पो मागच्या गल्लीत लावा आणि येताना साखर घेऊन या, मंडपातली पुन्हा संपत आली आहे.