पडद्याखालचे पाय

३ नोव्हेंबर १९७४
ठरले. प्लास्टरचे हातपाय बंद, जिवंत माणूस सुरू. वीस वर्षे नागपुरात ड्रॉइंग मास्तरकी करतो आहे. पोरांना मडकी आणि केळी शिकवून स्वतःचेच मडके व्हायची वेळ आली. नग्न देह समोर उभा केल्याशिवाय माणसाला पाहणे येत नाही, हे काल सीताबर्डीच्या वाचनालयात भाषणात ठणकावून सांगितले. श्रोते आठ. दोघे झोपले होते, पण बाकीचे हलले. जानेवारीअखेर माझे प्रदर्शन: ‘देह’. मुंबईवाले गाडी पकडून येतील.

१० नोव्हेंबर
मॉडेल मिळाला! चंपतराव. वाडीच्या गोदामात हमाली करतो, एकेकाळचा पहिलवान. छाती कपाटाएवढी. लंगोट मात्र सोडायला तयार नाही. “हनुमानजीले काय तोंड दाखवू जी?” म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून बराच वेळ भांडलो. शेवटी लंगोट मान्य केला. कलेत तडजोड नाही. पण लंगोट म्हणजे काही तडजोड नव्हे.

१४ नोव्हेंबर
संध्याकाळच्या क्लासात एकच मुलगी, चारुलता. तिचे वडील येऊन गेले. चेहरा गंभीर. तोडगा मीच काढला: मध्ये पडदा. अलीकडे चारुलता आणि मडके, पलीकडे आम्ही आणि कला. पडदा वीतभर आखूड निघाला. मॉडेलची पावले तेवढी दिसतात. पावलांनी कोणी बिघडत नाही.

२८ नोव्हेंबर
चंपतरावाने गोदाम सोडले. पोते उचलले की दम लागतो म्हणे. “आता हे उभं राहाचंच काम बरं हाय, मास्तर.” मी काय ते समजलो. एकदा कलेची गोडी लागली की पोत्यात मन रमत नाही.

८ डिसेंबर
चंपतरावाची छाती दिवसेंदिवस उतरते आहे. मी चित्रात भरून काढतो. निसर्गाने हात आखडला म्हणून कलावंताने आखडू नये. नाकही चपटे आहे, त्यामुळे डोके कपाटावरच्या प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्याचे घेतले. फार शोभते.
चारुलता मडके सोडून पडद्याखालचे पाय काढत बसते. पण पाय केवढे! घोटे गायब, बोटे फुगलेली. म्हटले, प्रमाण शीक आधी. म्हणाली, सर, ते पाय सुजले आहेत. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय.

१७ डिसेंबर
थंडी कडक. शेगडी पेटवून आमच्या बाजूला ठेवली, चित्रकारांची बोटे चालली पाहिजेत. चंपतराव उभ्या उभ्या डोळे मिटतो. खोकला की पोझ हलते. बसू काय, असे विचारत होता. बसलेल्या देहात ताण कुठला? नाही म्हटले. त्याच्या श्वासाचा आवाज आता खोलीभर येतो, लोहाराच्या जुन्या भात्यासारखा. पोरांना दाखवून दिले की जिवंत मॉडेलचा फायदा तो हाच. प्लास्टर श्वास घेत नाही.

२२ डिसेंबर
शिस्तभंग! चारुलता स्टूल उचलून थेट पडद्यापलीकडे आली, चंपतरावाला बसवले, खाली वाकून त्याच्या पायावर बोट दाबले. खळगा पडला. बोट काढले तरी तो तसाच. मला म्हणाली, सर, यांना आजच दवाखान्यात न्या, तुम्ही तर रोज यांना पाहता ना? पोरे माझ्याकडे बघू लागली. मी शांतपणे तिला क्लासातून काढून टाकले.
“पोरीले काहून रागावता, मास्तर? मी राहतो न उभा,” चंपतराव म्हणाला. आणि भिंतीला धरून उभा राहिला. माणूस असा हवा.
घरी आल्यावर जेवण गेले नाही. सकाळच्या वांग्याच्या भाजीचा परिणाम असावा.

२३ डिसेंबर
खिडकीची काच फुटली आहे, वारा आत येतो. चारुलता तिचे कागद टाकून गेली होती, ते खळ लावून तिथे डकवले. तिच्या पायांचा काही उपयोग झाला म्हणायचा.
संकल्प: प्रदर्शन झाले की चंपतरावाला डॉक्टरकडे नेणे. स्वतः नेणार.

२ जानेवारी १९७५
चंपतराव आला नाही. दिल्या शब्दाची काही किंमत? पोट आणि मांड्या राहिल्या होत्या, त्या मनाने पुऱ्या केल्या. उलट जास्त उठावदार झाल्या. मॉडेलचे महत्त्व लोक उगीच वाढवून सांगतात.

४ जानेवारी
वाडीहून निरोप: त्याला मोठ्या दवाखान्यात ठेवले आहे. छान. विश्रांती मिळेल, पोझ सुधारेल. भेटायला जायचे होते, पण फ्रेमवाला यायचा होता. तो आला नाही.

१९ जानेवारी
दुपारी चंपतरावाची बायको आली, जयवंता. तो सहा तारखेलाच गेला. हृदय थकून अंगात पाणी भरले होते. डॉक्टर तिच्यावर खेकसले, एवढे पाय सुजेपर्यंत काय करत होता? ती मला म्हणाली, “मी म्हणे, दवाखान्यात चाला. तर म्हणत, मास्तर रोज पाहून राहिले न मले. काही असतं तं बोलले असते.”

घरात त्याचा एकही फोटो नाही. हार घालायला एखादे चित्र मिळेल का, म्हणून आली होती. मी सगळ्यात मोठे काढून दिले. तिने बराच वेळ पाहिले. “हा कोण होय जी?” दुसरे दाखवले, तिसरे दाखवले, मग सगळीच. ती नुसती मान हलवत राहिली. माझ्यावर रागावलीसुद्धा नाही.
जायला निघाली आणि खिडकीपाशी थबकली. “हे त्यायचे पाय होय.” तिथेच उभ्याने कागदावर डोके टेकवले. मग नखाने खळ सोडवत कागद अलगद काढला आणि पदराखाली धरून गेली. मला लाज वाटली.
आता चंपतरावाचा चेहरा आठवून काढायला बसलो आहे. कागदामागून कागद गेले, दर वेळी प्लास्टरचाच येतो. नाक चपटे होते एवढे आठवते. ते कुठे बसवायचे, कळत नाही.