बारावं बिस्कीट

आदरणीय विहीणबाईंना घरातल्या सगळ्यांचा नमस्कार, माझा त्यात थोडा जास्त.

तुमचा गुडघा कसा आहे? व्याह्यांचा खोकला गेला का, की स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते तो अजून घरच्यांना ऐकवतायत? इकडे सगळे ठणठणीत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तेवढं वाचा, न लागेल तिथे अंदाजाने पुढे जा. मीही तसंच लिहिलंय. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गेल्या पंधरा दिवसांत मला आली तेवढी मजा माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

झालं असं, की आपला गट्टू (तुमचा म्हणा, माझा म्हणा, नाक तुमच्याकडचं आहे हे मी कधी नाकारलेलं नाही) शिशुवर्गातून हातावर चावा घेऊन घरी आला. डावा हात, मनगटाच्या वर चार बोटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी मी चपला घालून फाटकाशी उभी. तिथे पाच जणी आपापल्या मुलांची वाट बघत होत्या, म्हटलं बरंच झालं, साक्षीला असू देत. त्याच्या वर्गाच्या धाकट्या बाई बाहेर आल्या. काडीसारखी पोरगी, केसांत कायम कुठला तरी रंग लागलेला. मी विचारलं, कोण चावलं? ती म्हणाली, “आजी, हात धुतला, त्याला जवळ घेतलं, वहीत लिहून ठेवलं. नाव मात्र मी सांगणार नाही.” मी म्हटलं, “का, तुमचा भाचा लागतो का तो?” तर ती नुसती हसली. उलट बोलली असती तर माझा राग तिथेच उतरला असता, हसली म्हणून तो मी घरी घेऊन आले.

मग गेले मोठ्या बाईंकडे. त्यांची खोली एकदा बघाच तुम्ही. मुलं फाटक्या चटईवर बसतात आणि बाईंची खुर्ची गोल फिरते. भिंतीवर काचेत मढवलेली नियमांची पाटी, वर सोनेरी अक्षरांत ‘आमची मूल्ये’. मला आत बोलवेपर्यंत मी दोन नियम वाचून काढले (वेळ बराच होता). पहिला, प्रत्येक मूल आम्हाला सारखं. दुसरा, कुठल्याही मुलाची खाजगी गोष्ट बाहेरच्याला सांगितली जाणार नाही. आणि बरोबर त्या पाटीखाली बसून मोठ्या बाईंनी दार लोटलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं, की मावशींची मुलगी चावते. मावशी म्हणजे तिथे झाडूपोछा करतात त्या, आणि त्यांची मुलगी म्हणजे भिंगरी, गट्टूच्याच वर्गात बसते. “आम्ही दयेने बसवून घेतो हो, पण शेवटी संस्कार.” असं म्हणून तक्रारीचा कागद त्यांनी स्वतःच लिहिला, मी फक्त सही केली. माझ्या सहीला वेळ लागतो, तेवढ्या वेळात त्यांनी खुर्चीसकट दोन गिरक्या घेतल्या.

आता मला सांगा, मी काही नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणारी आहे का? पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी जाड बिस्किटांचा पुडा घेऊन फाटकाशी बसले आणि गट्टू सोडून वर्गातल्या प्रत्येक मुलाला म्हटलं, एक घास खा आणि उरलेलं आजीला परत दे. मुलांना यात काही वावगं वाटलं नाही, आयांना वाटलं. अकरा मुलं, अकरा बिस्किटं. घरी आणून खिडकीत वर्तमानपत्रावर ओळीने मांडली, खाली कोणाचं ते लिहिलं आणि गट्टूच्या हातावरच्या खुणेशी एकेक लावून बघायला बसले. खुणेत समोरच एक फट होती. भिंगरीचा घास उंदराने कुरतडल्यासारखा, बारीक आणि सरळ. फटीबिटीचं नाव नाही. बाकीच्यांचंही जुळेना. शेवटी एक जुळलं, अगदी तंतोतंत, पण खाली नाव नव्हतं. मोजली तर बारा.

तेवढ्यात गट्टूच हात सोडवून घेत म्हणाला, “ते माझं आहे. सगळ्यांनी केलं, म्हणून मी पण केलं.”

विहीणबाई, दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघराच्या पायरीवर याचा समोरचा दात तुटला, तेव्हा कापूस मीच धरला होता. मी विचारलं, हातावर कोण चावलं? म्हणाला, “मी.” का रे? “चावलं की बाई मांडीवर घेतात.” माझ्या मांडीवर एक तर मटारच्या शेंगांचं ताट असतं, नाही तर फोन.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी न थांबता मागच्या नळावर गेले. धाकट्या बाई रंगाचे ब्रश धूत होत्या. बाराव्या बिस्किटाचं सांगितलं, तर त्यांना पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं. त्याच दिवशी त्यांनी तुमच्या लेकीला खोलीत बसवून सांगितलं, आणि तुमची लेक म्हणाली की सासूबाईंना कळू देऊ नका, नाही तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल. (मी तक्रार करत नाहीये. नुसतं लिहून ठेवतेय.) मोठ्या बाईंनाही त्यांनी सांगितलं होतं. तेव्हा त्या काय म्हणाल्या ऐका: “आजींनी एवढा गाजावाजा केलाय, आता कुणीतरी चावलेलं असायला हवं.” आणि भिंगरीसाठी भांडायला कोणी यायचं नाही, म्हणून भिंगरी. वहीत तिचं नाव लिहा म्हणाल्या. धाकट्या बाईंनी लिहिलं नाही. आता शनिवारी पालकसभा आहे, तिथे माझा कागद वाचून दाखवायचा आणि सोमवारपासून भिंगरीही बंद आणि धाकट्या बाईही बंद, असं ठरलंय. पाटीवरची धूळ मात्र मावशींनीच पुसायची.

मी म्हटलं, मी सभेत उभी राहून खरं काय ते सांगते. तर ही पोरगी मलाच म्हणते, “त्याचं नाव घेऊ नका आजी. चाळीस पालक असतील. तो अजून चार वर्षांचाही नाही.” मी म्हणणार होते, त्यात काय एवढं. पण मला माझा धाकटा भाऊ आठवला. शाळेत पहिल्या दिवशी त्याची चड्डी ओली झाली आणि मास्तरांनी ते वर्गाला सांगितलं. आज तो सत्तरीचा आहे, घरात सुना आहेत, आणि गावात अजून त्याला ओल्या म्हणतात. मी गप्प बसले. (खरंच बसले, धाकट्या बाईंना विचारा.)

तर असं आहे सगळं. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसून माणूस सरळ राहत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बाकी क्षेम. व्याह्यांना कोमट पाणी द्या.

तुमची,
विहीण

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. शनिवारी मी सभेत सांगणार आहे की गट्टूला मीच चावले, लाडाने. म्हणजे भिंगरी सुटली, बाई सुटल्या, गट्टूचं नावही नको. पण माझ्या एकटीच्या शब्दावर मोठ्या बाई विश्वास ठेवायच्या नाहीत. तुमचा जन्म कचेरीत लिहिण्यात गेला, अक्षर मोत्यासारखं. तेव्हा एक कागद पाठवा, की आमच्या विहीणबाईंना ही सवय पहिल्यापासून आहे आणि मी ती समक्ष पाहिली आहे. शुक्रवारपर्यंत पोचावा.

ता. क. दुसरा. हे धाकट्या बाईंच्या कानावर घातलं. म्हणाल्या, हेही खोटंच, मी वहीत लिहिणार नाही. या मुलीपुढे काय करावं मला समजत नाही. तुमच्या लेकीला यातलं काही कळवू नका. मी तरी कोणाला सांगितलंय? शेजारणीला आणि भाजीवालीला, बास.

ता. क. तिसरा. माझे समोरचे सहा दात डबीत असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, शाळेला नाही. तेव्हा कागदात दातांबद्दल काही लिहू नका, प्रेमाबद्दलच लिहा.