विंगेतलं स्टूल

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाचा दौरा जोरात चाललाय, असं तुझी आई सांगत होती. मी मात्र भलत्याच संकटात सापडले आहे. महिनाअखेरीस मी निवृत्त होणार. शेवटच्या प्रयोगानंतर मला रंगमंचावर बोलवायचं आणि मी प्रेक्षकांशी चार शब्द बोलायचे, असं आमच्या व्यवस्थापकांनी परस्पर ठरवून टाकलंय.

अगं, मी प्रॉम्प्टर! आयुष्यभर विंगेतल्या काळोखात स्टुलावर बसून दुसऱ्यांना शब्द पुरवले. आपण कुणाला दिसू नये, हेच माझं काम. आता त्या दिव्यांत उभं राहायच्या नुसत्या विचारानं तोंडाला कोरड पडते. काल फ्रिजसमोर उभी राहून सराव केला, तर दुसऱ्याच वाक्याला बोबडी वळली. तुझे काका म्हणाले, फ्रिज थंडच असतो, माणसं त्याहून बरी असतात. मी हातातला डाव त्यांना फेकून मारणार होते.

आजारी असल्याचं सांगून घरीच बसावं म्हणते. पण मग माझा शेवटचा प्रयोगही चुकेल, आणि ते मला सोसायचं नाही.

तूच काय ते सांग. माया आहेच, ती वाढावी.
तुझी मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खबरदार आजारी पडलीस तर!

माझा पहिला प्रयोग आठवतो? मी न्हाणीघराला आतून कडी लावून बसले होते. तू दाराबाहेर बसून शांतपणे सांगितलंस, की ज्या नटाला मी देव मानते, तो अजूनही दर प्रयोगाआधी बेसिनमध्ये ओकतो. भीती जात नाही, तिला बसायला एक खुर्ची द्यायची आणि आपण आपल्या कामाला लागायचं, असं म्हणाली होतीस. पायाची बोटं जमिनीत रोवायची, श्वास सावकाश सोडायचा आणि गर्दीकडे न बघता एकाच माणसाकडे बघायचं. मी आजही तेच करते. आता तू कर.

त्या दिवशी मला सुट्टी आहे. तुमच्या व्यवस्थापकांची परवानगी काढली आहे. तुझ्या स्टुलावर मी बसणार. भाषण लिहून पाठव, आणि काकांना सांग, डावापासून लांब राहा.

रागावू नकोस, जीव लावतेस तसाच लाव.
तुझी टिटवी

१ मार्च

चि. टिटवीस,
पोटभर आशीर्वाद.

काल गाडी गाठायला तू धावत सुटलीस, बोलणं राहूनच गेलं.

बोटं रोवली, श्वास सोडला. दोन वाक्यं नीट झाली आणि पुढे सगळं कोरं. नटांचे थांबे मी जन्मभर ऐकत आले; मुद्दाम घेतलेला कुठला आणि वाक्य विसरल्याचा कुठला, ते मला ओळखू येतं. माझा थांबा संपून आता नुसती शांतता उरलीय, हे मलाच आधी कळलं. मग विंगेकडे पाहिलं. छोट्या दिव्यापाशी तू बसली होतीस, मांडीवर कागद, ओळीखाली बोट. घाई केली नाहीस. माझी नजर तुझ्यापर्यंत येईस्तोवर थांबलीस आणि मग एकच शब्द दिलास, ‘काळोखात’. पूर्ण वाक्य दिलं नाहीस. बरोबर शिकलीस.

पुढचं मी लिहिल्याप्रमाणे बोललेच कुठे! आभार मानायचे सोडून मी सांगत सुटले, की काळोखात बसणाऱ्याला सगळ्यांचे थरथरते हात दिसतात, म्हणून त्याला कुणीच भित्रं वाटत नाही. टाळ्या झाल्या, मी नमस्कार केला. भीती आपल्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून होती, बिचारी.

एक मात्र मला कालच कळलं. इतकी वर्षं मी तिथे बसले, पण तिथलं माणूस मंचावरून कसं दिसतं, ते कधी पाहिलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या अंधारात एकच चेहरा, आणि तो आपल्या बाजूचा.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझी मावशी

ता. क. स्टुलावरची माझी उशी घरी न्या, असं व्यवस्थापक म्हणत होते. मी म्हटलं, असू दे. नवी मुलगी येईल, ते स्टूल फार टोचतं.