अकरा सॉफ्टवेअर आणि आमची विहीर

४ सप्टेंबर २०१६, रविवार
घरच्या वाडीतल्या विहिरीवरची मोटार गेली. वायर कापलेली नाही, पाइप तोडलेला नाही, नट नीट खोलून ठेवलेत. म्हणजे चोर माहीतगार आहे.
लाज याची वाटते की सौंदडात कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक टेकचंद बिसेन हेच नाव घेतात. ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये वीस वर्षं असिस्टंट आहे. आणि मोटार माझीच जाते.
निर्णय : कॅमेरे लावायचे. पंधरा दिवसांत चोर पकडायचा.
दुसरा निर्णय : मोटार येईपर्यंत आईला रोज सकाळी सहा बादल्या पाणी मी काढून देणार. आईचे गुडघे गेलेत. बायको मंदा देवरीला नर्स आहे, शनिवारीच येते. म्हणजे घरात करणारा मीच.

५ सप्टेंबर
चार बादल्या काढल्या. उरलेल्या दोन संध्याकाळी.
गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचा डबा घेऊन जा भैया, आधे घंटे में चालू. मी म्हटलं, डबा नको, फक्त दोन कॅमेरे दे. सॉफ्टवेअर माझं, कॉम्प्युटर माझा. माझ्या घरची चित्रं माझ्याच घरात राहतील. तो म्हणाला, जैसी आपकी मर्जी. त्याला विषय समजला नाही.

६ सप्टेंबर
उरलेल्या दोन बादल्या राहिल्याच. आज कंबर धरली. उद्या आठ काढून हिशेब पूर्ण करतो.
इंटरनेटवर अशी फुकट सॉफ्टवेअर अकरा सापडली. तक्ता केला. अठरा निकष, प्रत्येकी दहा गुण.

९ सप्टेंबर
आई पाण्याबद्दल आता काही म्हणत नाही. सकाळी उठतो तर बादल्या भरलेल्या असतात. कमी पाण्यात भागवत असेल. सवय होते माणसाला.
तक्त्यात दोन सॉफ्टवेअरना सारखे गुण मिळाले. एकोणिसावा निकष टाकला. आता तिघांना सारखे.

११ सप्टेंबर, रविवार
मंदाने तक्ता पाहिला. म्हणाली, एवढ्या दिवसात नवीन मोटार बसली असती. मी तिला समजावून सांगितलं की प्रश्न मोटारीचा नाही, सिस्टिमचा आहे. ती भाजी निवडत राहिली.
पहिलं सॉफ्टवेअर टाकलं. लिनक्सवर चालतं. लॅबमधून बाद झालेला माझा जुना कॉम्प्युटर त्याने तापला आणि बंद पडला. कॉम्प्युटरचं वय झालंय. सॉफ्टवेअरची निवड बरोबर होती.

१५ सप्टेंबर
दुसरं सॉफ्टवेअर. विंडोजवर चालतं. चित्र आलं. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपलंच फाटक हाय, मले इथून बी दिसते.

१८ सप्टेंबर
एक कॅमेरा फाटकावर, एक विहिरीकडे. फाटकावरच्या कॅमेऱ्यात समोरच्या खेमराजचं दारही येतं. मुद्दाम नाही. खिळा तिथंच होता.
खेमराज मेश्राम रेल्वेत ट्रॅकमन होता, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाला. नट खोलणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. हे मी फक्त नोंदवून ठेवतो. मी जातपात मानत नाही. यंदाच्या चौदा एप्रिलला त्यांच्याकडे बुंदी खाल्ली आहे. उभ्यानेच, कारण घाई होती.

२० सप्टेंबर
दोन दिवसांत ४,३१२ रेकॉर्डिंग. डिस्क फुल. बहुतेक सगळ्यांत शेवग्याचं झाड हलतंय, नाहीतर विहिरीच्या पाण्यावर ऊन चमकतंय.

२२ सप्टेंबर
तिसरं सॉफ्टवेअर टाकलं. यात चित्राचा नको तो भाग काळा करता येतो. शेवगा काळा केला. चमक जाईना म्हणून विहीरही काळी केली. रेकॉर्डिंग पंधरा सेकंदांवर आणलं. मोबाइलवर चित्र बघायचं म्हणून फोन दिवसभर चार्जिंगला लावून, आवाज बंद करून ठेवला आहे. आता सिस्टिम निर्दोष आहे.

२४ सप्टेंबर
सापडला.
सकाळी ५.५२ ला खेमराज फाटक उघडून आत येतो. इकडेतिकडे बघतो. विहिरीकडे जातो. पुढे चित्र काळं. ६.१४ ला परत जाताना दिसतो. हात मोकळे. मोटार तर आधीच नेली, आता काय नेतो ते कळत नाही.
मी त्या वेळी मागच्या खोलीत जागाच होतो, चौथ्या सॉफ्टवेअरची माहिती वाचत. वाईट वाटलं. थोडा आनंदही झाला, ते इथेच लिहितो.

२ ऑक्टोबर
रोज येतो. रोज तीच वेळ. एकदा तर आमच्या फाटकाला कडी लावून गेला. निर्ढावलेला दिसतो.
मंदाला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन विचारा ना त्यालाच. मी म्हटलं, पुरावा पूर्ण होऊ दे.

११ ऑक्टोबर, दसरा
आज खेमराज आला नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर गेला आहे म्हणे. चोरही दसऱ्याला सुट्टी घेतो.
आईने सकाळी मला पाणी काढायला लावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. का ते कळलं नाही. दोन बादल्या दिल्या.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी
लिहावं की नाही. लिहितो. दुसरं कोण वाचणार आहे.
सकाळी दहाला तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष गोवर्धनभाऊ, आणखी चार जण आणि खेमराज यांना छपरीत बसवलं. कॉम्प्युटर बाहेर आणून लावला. आधी मी तिन्ही सॉफ्टवेअरमधला फरक सांगितला. गोवर्धनभाऊ म्हणाले, मुद्द्यावर ये. मग बावीस दिवसांची रेकॉर्डिंग दाखवली. खेमराज येतो, खेमराज जातो. खेमराज येतो, खेमराज जातो.
सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, मी विहिरीवर काय करतो तेही दाखवा. मी सांगितलं, तो भाग तांत्रिक कारणाने काळा आहे. एक जण हसला. खेमराज हसला नाही. म्हणाला, मग तुमच्या आईलेच विचारा.
आई तोवर भिंत धरत बाहेर आली होती. म्हणाली, मीच बलावलो त्याले. तू दोन दिस पानी काढलास अन् आपल्या खोलीत जाऊन बसलास. मी फाटकाशी बादली घेऊन उभी होतो, त्यानं पाहिलं अन् विचारलं, काऊन बाई, मोटार नाही का. तवापासून रोज सहा बादल्या काढून देऊन राहिला. मी तुले सांगितलो होतो. तू कॉम्प्युटरमंधी पाहून हो म्हनलास.
मग आई खाली बसली आणि गोवर्धनभाऊंना म्हणाली, माझ्या सासूनं याच्या मायले या विहिरीच्या ओट्यावर कधी चढू नाही देलं. दुरूनच पानी ओतत होती. मी तवा नवी सून होतो, मी बी तसंच ओतलो. आता त्याच विहिरीचं पानी हा मले काढून देते, अन् माझा पोरगा त्याले चोर म्हन्ते.
खेमराज उठला. आईला म्हणाला, येतो बाई. माझ्याकडे पाहिलं नाही. गोवर्धनभाऊंनी चहा नको म्हटलं.
कॉम्प्युटर आत नेताना वायर पायात अडकली. मंदा समोरच उभी होती. तिने धरलं नाही.

१७ ऑक्टोबर
सहा बादल्या काढल्या. तळहाताला फोड आले. आईने विचारलं, खेमराज नाही आला का. मी म्हटलं, ड्युटीवर गेला असेल. आई म्हणाली, थो रिटायर आहे.
आज माफी मागायला जायचं होतं. पण लगेच गेलो तर त्याला अवघड वाटेल. दोन दिवस जाऊ देतो.

१८ ऑक्टोबर
भैय्यालाल इलेक्ट्रिशियनचा फोन आला. मोटार महिन्यापासून तयार आहे, कायले नाही नेऊन राहिले, असं विचारत होता. चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही, म्हणाला.
पोळ्याच्या दिवशी तो चौकात भेटला होता. मीच म्हटलं होतं, मोटार आवाज करते, येता-जाता नेऊन रिवाइंडिंग करून टाक. आता सगळं आठवतं. त्याने काय शर्ट घातला होता तेही आठवतं.
जेवलो नाही. मंदाला फोन करून सांगितलं. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, हे आधी समोरच्या घरी सांगा.

२० ऑक्टोबर
गेलो. खेमराजने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसून प्यायलो. आता बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि मी त्याला हार्ड डिस्क का भरते ते सांगू लागलो. वीस मिनिटं. त्याने ऐकून घेतलं.
मग तो म्हणाला, टेकचंदभाऊ, तुमच्या कॅमेऱ्याचं तोंड माझ्या दारावर हाय. माझी पोरगी साक्षी सुट्टीत घरी आली आहे, अंगणात उठते-बसते. एक महिना झाला मी पाहून राहिलो. तुमच्या मायकडे पाहून गप होतो. थो काढा पहिले.
त्याचा आवाज चढला नाही.
काढला. खिळाही उपटला. शिडीवरून उतरताना साक्षी दारात दिसली. मी मान खाली घातली.

२३ ऑक्टोबर, रविवार
भैय्यालालने मोटार बसवली. एका मिनिटात टाकी भरायला लागली. आईने पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, जा, खेमराजले सांगून ये. नीट सांग.
फाटकापासून त्याच्या दारापर्यंत वाक्य जुळवत गेलो. चुकलो, माफ करा. तीनच शब्द. तो दारातच धान पाखडलेलं सूप झटकत होता. मी म्हणालो, मोटार सापडली. त्याने विचारलं, कुठं. मी म्हणालो, रिवाइंडिंगला होती, मीच दिली होती. तो म्हणाला, बरं झालं, बाईचा त्रास वाचला. सूप घेऊन आत गेला आणि दार लोटून घेतलं.
घरी आल्यावर आईने विचारलं, बोललास का. मी हो म्हटलं.
काय बोललास, तिने विचारलं.
मी म्हटलं, सगळं.